पंचाहत्तरीचं शून्य तिकीट

एसटीनं २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला. महाराष्ट्राचं सरासरी आयुर्मान तेव्हा त्र्याहत्तरच्या आसपास. म्हणजे सरासरीनं जगणाऱ्यानं ज्येष्ठांच्या हाफ तिकिटावरच उतरायचं! (अर्थात या सरासरीत बालमृत्यूही धरलेले, साठी गाठलेला गडी बहुधा पुढंही टिकतो.)

लातूर-नांदेडात भानगड वेगळीच. तेव्हाचे तिथले बहुतेक लाभार्थी निजामाच्या राज्यात जन्मलेले. जन्माची नोंद कुठली? पुष्कळांना शाळेत मास्तरांनीच १ जून ही तारीख चिकटवली. योगायोग असा की, एसटीही १ जूनचीच, १९४८ची.

कंडक्टर आधार कार्ड बघतो, सुरकुत्या नव्हे. मग पुतण्याच्या बारशाचे पेढे खाल्लेला काका पैसे मोजणार आणि पुतण्या खिडकीशी फुकट बसणार, हेही अशक्य नाही.