वाघ, बैल आणि छोटा हत्ती : वाघोली ते मस्तानी तलाव

'आल्पाइन सरोवर' ही संज्ञा मूळची आल्प्स पर्वतातली असून, थंडीमुळे जिथे झाडांची वाढ थांबते त्या रेषेच्या वर, बहुधा हिमनदीने कोरलेल्या खळग्यात साठलेल्या पाण्याला ती लावली जाते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरवरच आटोपते आणि हिमनदीशी मराठी माणसाचा संबंध फ्रीजच्या वरच्या कप्प्यापलीकडे जात नाही; त्यामुळे वाघोलीतील एका गृहसंकुलाच्या सायकलगटाने श्रावणातल्या एका रविवारी 'डोंगरातले सरोवर' म्हणून दिवे घाटाच्या पायथ्याचा मस्तानी तलाव मुक्रर केला, याला तडजोड न म्हणता भाषांतर म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मोहिमेचे वाहन होते माउंटन बाइक, म्हणजे जाड खाचांचे टायर, पुढे धक्के गिळणारे सस्पेन्शन आणि भरपूर गियर असलेली सायकल. तिचा उगम १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला. तेथील हौशी तरुण जुन्या, बोजड सायकली डोंगरावर नेऊन उतारावर सोडत, तेव्हा पॅडल उलटे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', असे पडले. वाघेश्वराचे मंदिर आणि पिलाजी जाधवरावांची समाधी यांसाठी ओळखले जाणारे वाघोली २०२१मध्ये पुणे महापालिकेत आले. मात्र अशा वाहनाची उपयुक्तता पटायला तिथे डोंगराची वाट पाहावी लागत नाही, खड्डे आणि गतिरोधक ते काम दारातच करतात.

पहाटे साडेपाचला निघायचे ठरलेला अकरा जणांचा गट साडेसहाला निघाला आणि खराडी, मुंढवा, हडपसर, फुरसुंगी या मार्गाने वडकीच्या दिशेला लागला. सामूहिक सायकलस्वारीचे एकक किलोमीटर नसून थांबा हे असते, आणि थांब्यांचे हवेचा, चहाचा व फोटोचा असे तीन प्रकार पडतात. मुंढव्याच्या पुलाअलीकडे एकाची चेन उतरल्याने चौथाही प्रकार नोंदला गेला. आठ जणांनी सल्ला दिला, नवव्याने व्हिडिओ काढला आणि अखेर तीस वर्षे बिनगियरच्या सायकलवरून कारखान्यात गेलेले निवृत्त काका पुढे झाले. त्यांनी मागचा लटकता दांडा पुढे दाबून चेन सैल केली, काडीने ती वरच्या दोन दात्यांवर चढवली आणि पॅडल हाताने फिरवताच ती खटखटत जागेवर बसली. मग रस्त्याकडेची चिमूटभर माती चोळून त्यांनी बोटांचे काळे काढले, तोवर इतरांचे सुगंधी ओले रुमाल शोधणे चालूच होते.

तलाव वस्तुतः पायथ्याशीच आहे. परंतु आल्पाइन सरोवर चढून गेल्याखेरीज दिसता कामा नये, असा गटप्रमुखांचा आग्रह असल्याने, तलाव खाली ठेवून तो वरून पाहण्यासाठी घाट चढणे क्रमप्राप्त झाले. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला जाते आणि त्या चढासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. जादा बैल बळ वाढवतात. गियर मात्र तेच श्रम अधिक फेऱ्यांवर वाटून देतो, म्हणजे कर्जाचा हप्ता लहान करून मुदत वाढवतो. पुढच्या चक्राला २२ आणि मागच्याला ३४ दाते असले, तर पॅडलचा पूर्ण फेरा मारूनही चाक पाऊण फेरादेखील फिरत नाही. परिणामी सर्वांत महागड्या सायकलीचा वेग शेळ्या हाकणाऱ्या एका आजींच्या वेगाइतका झाला आणि बराच वेळ बरोबरीने चालल्यावर त्या कळवळून म्हणाल्या, "उतर की लेकरा, सायकल दमली आसंल."

वळणावरून धुके सरले तेव्हा पहिल्या बाजीरावाच्या काळाशी नाते सांगणारा, उन्हाळ्यात आटणारा हा दगडी बांधाचा तलाव हिरव्या डोंगरांच्या ओंजळीत काठोकाठ भरलेला दिसला, आणि दोन मिनिटे कोणीही बोलले नाही. तिसऱ्या मिनिटाला फोटोचा थांबा जाहीर झाला.

परतीचा विषय निघताच सहा जणांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. कणसे भाजणाऱ्या गृहस्थांनी भाच्याचा 'छोटा हत्ती' बोलावला. लहान चारचाकी मालवाहू टेम्पोला महाराष्ट्रात याच नावाने ओळखतात. जादा बैलजोडीचे तत्त्व गियरवाल्यांना पटले ते असे. सहा सायकली व सहा स्वार हौद्यात बसले, आणि मोबाइलमधील अंतरमापक बंद करायचे कोणाच्याच ध्यानात न राहिल्यामुळे हडपसरपर्यंतचा वेग गटाच्या इतिहासातील उच्चांक ठरला. नगर रस्त्याला लागल्यावर मात्र हत्तीनेही पहिला गियर टाकला, आणि वाहनांच्या रांगेत तो डुलत उभा असताना त्याच्या शेजारून काका घंटी वाजवत वाघोलीकडे निघून गेले.