हातानं?

अण्णांसारखा माणूस तुमच्याही हापिसात असणारच. नसेल, तर ते अण्णा बहुतेक तुम्हीच.

आमचे अण्णा हिंजवडीतल्या एका कंपनीत डेव्हऑप्सचं काम बघतात. पोरांनी आपापल्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड दूरच्या सर्व्हरवर नेऊन चालू करायचा, असं हे काम. प्रत्यक्षात अण्णा काहीच नेत नाहीत, त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट नेते. यातलं एखादं काम तुम्ही स्वतः उरकलंत, की अण्णा चष्मा कपाळावर चढवतात आणि "श्रावणात मटण खाल्लंस?" या सुरात विचारतात, "हातानं?"

एक नवा मुलगा फाईलझिला उघडून बसला होता. डावीकडे त्याचा लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर. तो डावीकडच्या फायली उचलून उजवीकडे टाकत होता, मजेत. त्या ओघात कॉन्फिगची फाईलही गेली, आणि ग्राहकांची वेबसाइट त्याच्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसचा पासवर्ड घेऊन सर्व्हरच्या डेटाबेसचं दार ठोठावत बसली. अण्णा मागे येऊन उभे राहिले. "हातानं?" पोरगं रडायचंच बाकी राहिलं.

तेव्हापासून पोरांनी आपला कोड गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडच्या कोठारात, पुश करायचा, बस्स. पुढे टेस्ट आपोआप चालतात. पास झाल्या तर सर्व्हरवर 'रिलीजेस'मध्ये तारीख-वेळेच्या नावाचा नवा फोल्डर तयार होतो आणि कोड त्यात उतरतो. सगळं जागच्या जागी बसलं, की 'करंट' नावाची सिमलिंक, म्हणजे फोल्डरकडे बोट दाखवणारी पाटी, जुन्या फोल्डरवरून नव्याकडे वळते. वेबसाइटला 'करंट'पलीकडचं जग माहीत नाही. शेवटचे ५ फोल्डर मागे ठेवलेले असतात. बिघडलं तर लिंक पुन्हा मागच्याकडे वळवायची, की झालं. हे समजावून सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

हे खूळ हापिसापुरतं असतं तर चाललं असतं. गणपतीत वहिनी उकडीचे मोदक वळत होत्या. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात थबकले. "हातानं?"

"नाही हो, पायानं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घरात मोदकाचे साचे आले. पुतणीच्या लग्नात आहेराच्या पाकिटांवर नावं लिहिणाऱ्या मामांना त्यांनी तेच विचारलं आणि मामांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. शंकराच्या देवळात मात्र पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र थेंब थेंब गळताना पाहून त्यांनी दोनदा नमस्कार केला. "बघ, गुरुजी नसले तरी चालू आहे!"

१ ऑगस्टला महाराष्ट्र लोकमान्यांची पुण्यतिथी पाळतो. अण्णा त्याच दिवशी नाईट कॅपिटलचीही पाळतात. २०१२ साली याच तारखेला अमेरिकेतल्या या शेअर दलाल कंपनीचा बाजार उठला. नवा कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता. टाकणाऱ्यानं ७ वर टाकला, आठवा राहिला. दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. आठव्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि त्यानं बाजारात ऑर्डरींचा पाऊस पाडला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. अण्णा दरवर्षी ही कथा नव्या पोरांना सांगतात, 'आठवा' या शब्दावर आवाज खाली आणतात, आणि शेवटी पोरंच एका सुरात ओरडतात, "हातानं!"

एका रात्री एका मुलीच्या कोडनं पेमेंटचं पान बंद पाडलं. ती घामाघूम. अण्णांनी घरून एक कमांड दिली, लिंक मागे वळली, पान उघडलं. सकाळी मीटिंगमध्ये चूक कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. "ही टेस्ट आपल्याकडे का नव्हती?" एवढंच विचारलं आणि दुपारपर्यंत ती टेस्ट लिहून टाकली, मुलीला शेजारी बसवून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातांवर या माणसाचा काडीचा विश्वास नाही, म्हणूनच तो माणसांवर कधी चिडत नाही. हात चुकणारच, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. मान्य करायला जिवावर येतं, पण असा साहेब मला मिळाला असता तर मी सुखानं झोपलो असतो.

यंदा नवे मॅनेजर आले. "सगळं आपोआप होतं, तर हे दिवसभर करतात काय?" असं म्हणून त्यांनी अण्णांना 'सरासरी' शेरा दिला. 'महिन्याचा मानकरी' ठरला शेजारच्या प्रोजेक्टमधला एक पठ्ठ्या. त्यानं रात्रभर जागून थेट सर्व्हरवर दुरुस्त्या केल्या होत्या. बिघाडही त्यानंच थेट सर्व्हरवर केला होता, पण ते प्रमाणपत्रात लिहायची पद्धत नाही. अण्णांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, मग प्रमाणपत्रावरची सही निरखून मॅनेजरांना विचारलं, "हातानं?"

साहेब लोकांना विनंती एवढीच: आग विझवणाऱ्याला बक्षीस द्या, जरूर द्या. पण ज्या रात्री काहीच पेटलं नाही, त्या कुणाच्या नावावर मांडायच्या, तेही एकदा ठरवा.