टोनवाला

टोनवाला दिसायला चारचौघा गिटारवाल्यांसारखाच असतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, आठवडाभर बँकेत किंवा आयटीत, शनिवार-रविवारी लग्नातलं संगीत, कंपन्यांचे शो, गणपतीत ऑर्केस्ट्रा. त्याला ओळखायला एक प्रश्न पुरतो: ‘‘कालचा शो कसा झाला?’’ बाकीचे सांगतील, पब्लिक बरं होतं, जेवण थंड होतं. टोनवाला डोळे मिटून म्हणेल, ‘‘पहिली तीन गाणी अँप तापलाच नव्हता.’’

तापतो तो व्हॉल्व्हचा अँप. ट्रान्झिस्टर आल्यावर घराघरातल्या रेडिओतून हे काचेचे व्हॉल्व्ह गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते धरून ठेवले, आणि उगाच नाही. व्हॉल्व्हवर ताण आला की आवाज एकदम फाटत नाही. सूर हळूहळू जाड होतो, त्याला खरखरीत कड येते आणि बोट हलकं केलं की तोच सूर पुन्हा स्वच्छ. हे सुख खरंच आहे. अडचण एवढीच, की त्यासाठी अँप चांगलाच वर न्यावा लागतो. ‘‘पाचच्या खाली त्यात जीव नाही,’’ टोनवाला सांगतो. पाचवर ठेवला की पहिल्या रांगेतल्या लोकांचा जीव जातो आणि ते उठून मागे जाऊन बसतात.

त्याचा अँप म्हणजे व्हॉक्स एसी थर्टी, बीटल्सच्या मागे उभा असायचा तो. वॅट ३०, बारा इंची स्पीकर दोन, ईएल ८४ जातीचे व्हॉल्व्ह चार, हे तो न विचारता सांगतो. आजच्या मॉडेलचं वजन ३२ किलो आहे, हे विचारूनही सांगत नाही.

साउंडवाला आणि टोनवाला यांचं वैर जुनं आहे. ‘‘सर, स्टेजवरून जरा कमी करा ना,’’ साउंडवाला म्हणतो. सर बटणाला हात लावल्यासारखं करतात. थोड्या वेळाने साउंडवाला स्वतः येऊन अँपचं तोंड भिंतीकडे फिरवतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे अँपवर सतरंजी. कुणी सुचवलं की निम्म्या वॅटचा घ्या, तर टोनवाला खडू नसतानाही फळ्यावर लिहिल्यासारखा समजावतो: वॅट निम्मे केले तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. हे शास्त्राला धरून आहे. त्यामुळे वाद मिटत नाही, फक्त साउंडवाला गप्प होतो.

मंडळाच्या जनरेटरवरही त्याचं प्रेम असतं. दिवे मंद झाले की बाकीचे वादक घाबरतात. हा खूश होतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलन मुद्दाम व्हेरिॲक नावाचं यंत्र लावून अँपचं व्होल्टेज खाली आणायचा. ‘‘आपल्याला मंडळ ते फुकट देतं,’’ असं म्हणून तो खजिनदाराकडे कृतज्ञतेने पाहतो. खजिनदाराला वाटतं, हा मानधन वाढवून मागणार.

असा हा माणूस एका शोला चहाच्या ट्रेएवढा चपटा डबा काखेत मारून येतो. आपल्याकडे या वस्तूला सरसकट प्रोसेसर म्हणतात. आत डझनावारी अँपची गणितं भरलेली, आणि खालून एक वायर थेट मिक्सरला. आयुष्यभर ज्याला त्याने ‘खेळणं’ म्हटलं, तेच. यावर कुणी काही बोलायच्या आत टोनवाला कारणं सांगू लागतो, आणि इथे त्याचा खरा व्यासंग दिसतो.

पहिलं कारण आंतरराष्ट्रीय. बहुतेक व्हॉल्व्ह आता जगात मोजक्याच ठिकाणी बनतात: रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हाच त्याने म्हणे पुढचं ओळखलं. दुसरं कारण कायद्याचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ‘‘नागरिक म्हणून आपली काही जबाबदारी आहे की नाही?’’ हे विचारणाऱ्या माणसाच्या अँपवर आजवर किती सतरंज्या पडल्या, हे साउंडवाल्याला पाठ आहे. तिसरं कारण थेट अंटार्क्टिकाचं. ८ डिसेंबर २०१३ रोजी मेटॅलिका हा बँड तिथल्या अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर वाजवायला गेला. बर्फावर आवाज करायचा नव्हता, म्हणून श्रोत्यांनी सगळा कार्यक्रम हेडफोनवर ऐकला, आणि गिटारी डिजिटल यंत्रातून वाजल्या. ‘‘मेटॅलिकाला चालतं, मग आपण कोण?’’ टोनवाला विचारतो. मंडळाचे कार्यकर्ते मान डोलावतात, कारण अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

रशिया झाला, कायदा झाला, दक्षिण ध्रुव झाला; या सगळ्यात एमआरआयचा उल्लेख कुठेच नाही. ईएल ८४ नंतर त्याच्या आयुष्यात आलेला पुढचा नंबर एल ४-एल ५ हा होता, आणि तो कमरेच्या मणक्यांचा होता. हे त्याची बायको जाणते, ऑर्थोपेडिक जाणतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जॅमरूमचा जिना जाणतो. पण टोनसाठी माणूस कमरेला शरण गेला, असं कसं सांगायचं? तत्त्व बदललं तर ते तत्त्वासाठीच बदललं पाहिजे.

पहिल्या शोला काय झालं? काहीच नाही. श्रोत्यांपैकी एकालाही फरक कळला नाही. एका गृहस्थांनी येऊन निवेदकाचं कौतुक केलं. फरक कळला तो फक्त गायिकेला. ती म्हणाली, ‘‘आज पहिल्यांदा मला मी ऐकू आले.’’ टोनवाल्याने हे यंत्राचं कौतुक मानून घेतलं.

डबा आला म्हणून माणूस बदलतो थोडाच! पूर्वी एक अँप आणि चार बटणं होती, म्हणून निदान रात्री झोप मिळायची. आता तो हेडफोन लावून पॅच, म्हणजे आवाजाच्या जुळण्या, बनवत बसतो. पडद्यावरचा खोटा माइक खोट्या स्पीकरसमोर अर्धा इंच डावीकडे सरकवतो, ऐकतो, उसासा टाकतो, परत आणतो. वीस वर्षं अँपच्या ज्या घरघरीला त्याने शिव्या दिल्या, तिच्यासाठी काही यंत्रांत ‘हम’ नावाचं वेगळं बटण आहे. टोनवाल्याला ते सापडलं तो दिवस त्याने सणासारखा साजरा केला. आता तो विकत घेतलेल्या शांततेत मोजून मापून घरघर घालतो.

घरी रात्री रेशमी वाटलेला पॅच मैदानावर मात्र कुठे गडप होतो, कळत नाही. त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी जाणवतात. म्हणून घरी ते वाढवले जातात आणि स्टेजवर सगळा चिखल होतो. हे तो साउंडवाल्याला साउंडचेकच्या वेळी सविस्तर सांगतो. साउंडवाला ऐकता ऐकता बेस कापतो, मधला भाग जरा वर करतो. ‘‘आता?’’ टोनवाला दोन तारा छेडतो आणि म्हणतो, ‘‘बघ, पॅच चांगलाच होता.’’

जुना अँप शेवटी त्याने एका कॉलेजातल्या मुलाला विकला. मुलगा नवा होता, म्हणजे प्रोसेसरच्या नावाने नाक मुरडण्याच्या वयात. ‘‘काका, डिजिटलमध्ये जीव नसतो हो,’’ तो म्हणाला. हे वाक्य टोनवाल्याचंच होतं, पण त्याने ते उदार मनाने ऐकून घेतलं. कोणता व्हॉल्व्ह कधी बदलला, कोणता आधी दगा देईल, चालू केल्यावर किती वेळ थांबायचं, असं सगळं समजावून झालं. मुलाने विचारलं, ‘‘मग तुम्ही का विकताय?’’

‘‘रशिया,’’ टोनवाला म्हणाला.

मुलाने अँपच्या हँडलला हात घातला, कसाबसा उचलला, लगेच खाली ठेवला आणि जिन्याकडे पाहिलं. ‘‘काका, एका बाजूने जरा धरता?’’

‘‘नको रे. अँप स्वतः उचलल्याशिवाय त्याचा टोन कळत नाही,’’ असं म्हणून टोनवाल्याने पॉवरची केबल नीट गुंडाळून हातात घेतली आणि तो पुढे झाला.