२५ नंबरचं दार गुपचूप लावणाऱ्या साहेबांस

मुक्काम पोस्ट कळंब, जिल्हा यवतमाळ

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि ते कुणाला कळू नये अशीच तुमच्याकडची व्यवस्था आहे. बिलावर कंपनीचं नाव असतं, हेल्पलाइनवर दर वेळी नवा आवाज असतो, आणि ज्या माणसाने आमच्या ऑफिसातून बाहेर जाणारी मेल बंद केली तो कुठल्याच कागदावर सापडत नाही. म्हणून चारचौघांत लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्या खुर्चीवर बसणारे सगळ्याच कंपन्यांत आहेत, आणि हे पत्र त्या खुर्चीला आहे.

आमचं ऑफिस हिशेबाचं. जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, थोडे ठेकेदार. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की आमच्याकडे बिलांचा ढीग लागतो. जीएसटीआर-१ ची तारीख ११. त्याआधी प्रत्येक पार्टीला बिलांची यादी मेलने जाते, त्यांनी ‘बरोबर आहे’ म्हटलं की रिटर्न भरायचं. तारीख हुकली तर समोरच्या खरेदीदाराला त्या महिन्याचं क्रेडिट दिसत नाही, आणि क्रेडिट दिसलं नाही की तो पेमेंट धरून ठेवतो. त्या पेमेंटवर गाडीवाल्याचं भाडं असतं, हमालांची मजुरी असते. साहेब, तुम्ही जे बटण दाबलंत त्याच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं उभी होती.

ऐन त्या आठवड्यात आउटबॉक्स भरू लागला. मेल येत होत्या, जात नव्हत्या. खाली हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची, थांबायची, आणि मग इंग्रजीत एक चौकट यायची की सर्व्हरशी संपर्क होत नाही. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन करून थेट मेल करायची सोय आहे, तीही गेली. मशीन कागद आत ओढायचं, स्कॅन करायचं, मिनिटभर गुरगुरायचं आणि ‘पाठवता आलं नाही’ एवढी चिठ्ठी छापून द्यायचं. ऑफिसातला मुलगा त्या चिठ्ठ्या टाचणीला टोचून ठेवत होता.

तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, ‘सर, यूट्यूब लागतंय का?’ लागतंय म्हटलं. ‘मग लाइन ओके आहे, सर.’ यूट्यूब चालणं आणि मेल जाणं यांचा काय संबंध, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय तो तुम्ही लिहिलेला आहे, आणि त्यावर यूट्यूबपलीकडे इंटरनेटच नाही. मग तो म्हणाला पासवर्ड चुकला असेल. पासवर्ड चुकला तर सर्व्हर तसं सांगतो, ५३५ चा एरर देतो. आमच्याकडे सर्व्हरपर्यंत आवाजच पोचत नव्हता, तर पासवर्ड विचारणार कोण?

तक्रार नोंदवली म्हणाला. संध्याकाळी मेसेज आला की आमचा इंजिनिअर येऊन गेला, जागा बंद होती. जागा उघडी होती, आम्ही रात्रीपर्यंत ऑफिसातच होतो. चौकशी केल्यावर कळलं की तक्रार कळंबला गेली होती खरी, पण धाराशिव जिल्ह्यातल्या. ज्याच्या रजिस्टरला आमचं चिंतामणीचं कळंब आणि मराठवाड्यातलं कळंब वेगळं कळत नाही, त्याने आमच्या लाइनवर काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं ते ठरवावं?

शेवटी शोध आम्हीच लावला. शेजारच्या मेडिकलवाल्याकडे दुसऱ्या कंपनीची लाइन आहे. तोच लॅपटॉप, तेच खातं, तोच पासवर्ड त्याच्या दुकानात नेऊन लावला आणि अडकलेल्या मेल धडाधड निघाल्या. म्हणजे खातं ठीक, लॅपटॉप ठीक, मेलचा सर्व्हर ठीक. परत ऑफिसात येऊन कमांडची काळी खिडकी उघडली आणि आमच्या मेल सर्व्हरला २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, हाक मारली. काहीच नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. ५८७ वर हाक मारली तर तत्क्षणी २२० ने सुरू होणारी ओळ आली, म्हणजे सर्व्हर म्हणतोय की मी आहे, बोला. येणारी मेल ९९३ वरून आत येते, तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती येत राहिली. वर्षानुवर्षं चाललेला २५ तेवढा तुम्ही बंद केलात, आणि आमच्या प्रोग्राममध्ये जाणारी मेल त्याच नंबरवर लावलेली होती.

आता तुम्हाला जे ऐकायची सवय नसेल ते सांगतो. बंद केलंत ते बरोबरच केलंत.

२५ नंबरची गोष्ट मला ठाऊक आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपी ही मेल पाठवायची रीत लिहून काढली, तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची तरतूदच तिच्यात नव्हती. त्याआधीच, मे १९७८ मध्ये, गॅरी थ्युर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कवरच्या शेकडो लोकांना एकाच वेळी कॉम्प्युटरची जाहिरात पाठवून पुढे काय वाढून ठेवलंय ते दाखवलं होतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. पुढे घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि घरोघरचे व्हायरस लागलेले कॉम्प्युटर मालकाच्या नकळत याच २५ नंबरवरून जगभर कचरा टाकू लागले. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो नावाच्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली, तर जगातलं स्पॅम एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. अशा कॉम्प्युटरांच्या फौजा चालवणारी केंद्रं तिथे होती. २०१२ च्या सुरुवातीला सोफॉस या सुरक्षा कंपनीने स्पॅम पुढे ढकलणाऱ्या देशांची यादी काढली, तिच्यात पहिलं नाव भारताचं होतं. तेव्हा घरगुती लाइनवरून २५ बंद करणं हे जगभर मान्य झालेलं काम आहे, आणि मला त्याबद्दल तुमच्याशी भांडायचं नाही.

त्यासाठी पर्यायही कधीचा तयार आहे. डिसेंबर १९९८ मध्येच ५८७ नंबरचं पोर्ट खास मेल सोपवण्यासाठी ठरलं. फरक समजायला बाजार समितीचं गेट पुरे. एका गेटवर कोणीही गाडी घालावी, दुसऱ्या गेटवर आधी नाव लिहावं, पावती दाखवावी, मग आत जावं. २५ म्हणजे पहिलं गेट, ५८७ म्हणजे दुसरं. २०१८ पासून ४६५ चीही शिफारस आहे, तिथे बोलणं पहिल्या अक्षरापासून टीएलएसने कुलूपबंद असतं. ग्राहकाला फक्त एवढं सांगायचं होतं: सेटिंगमध्ये २५ खोडा, ५८७ लिहा, लॉगिन चालू ठेवा, टीएलएस निवडा. चार ओळी, साहेब.

त्या चार ओळी तुम्ही दिल्या नाहीत, आणि माझा राग त्यावर आहे. बिल थकलं की तुमचा मेसेज येतो. प्लॅन संपायला आला की येतो, नवा प्लॅन निघाला की येतो, सणाच्या शुभेच्छाही येतात. मेसेज पाठवायची यंत्रणा तुमच्याकडे आहे, नंबर आमचेच आहेत. मग पोर्ट बंद करताना ती यंत्रणा कुठे गेली होती? तुम्हाला ठाऊक होतं की जुन्या सेटिंगवाल्यांची मेल त्या क्षणी थांबणार. ठाऊक असून तुम्ही ती थांबू दिलीत आणि मग हेल्पलाइनवरच्या पोराला यूट्यूब विचारायला बसवलंत.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, केलेलं आहे. ब्राझील एके काळी स्पॅमच्या बाबतीत आपल्याइतकाच बदनाम होता. तिथे २०१२ आणि २०१३ मध्ये देशभर २५ बंद झालं. पण आधी इंटरनेट कंपन्या, सरकारी नियामक आणि ग्राहक संरक्षणवाले एकत्र बसले. आधी मेल देणाऱ्यांनी ग्राहकांना ५८७ वर नेलं, लोकांना कळवलं, आणि त्यानंतर कंपन्यांनी २५ चं कुलूप लावलं. त्यांच्या क्रमात ग्राहक पहिला होता. तुमच्या क्रमात तो कुठेच नाही.

आपल्याकडेही नियम मुका नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर भेदभाव न करण्याच्या, शिफारशी केल्या, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या. वाहतुकीचं वाजवी नियंत्रण करायची मुभा त्यात तुम्हाला आहे. पण जे नियंत्रण कराल ते ग्राहकाला उघड सांगा, हेही त्याच शिफारशींत आहे. मुभा तेवढी वाचलीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पदरात घालायची आहे. तुमचा दुसरा माणूस, यवतमाळहून आलेला, चहा पिऊन म्हणाला, ‘स्टॅटिक आयपी घेऊन टाका, प्रॉब्लेमच राहणार नाही.’ त्या कायमच्या पत्त्याचे महिन्याचे जास्तीचे पैसे सांगितले. ५८७ ला एक रुपया लागत नाही, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे तुम्ही त्याला विचारा.

आयपीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. राउटरच्या पानावर आमच्या लाइनचा पत्ता १०० पासून सुरू होतो, पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. म्हणजे तुम्ही कितीतरी घरं, दुकानं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली आहेत. पत्ते कमी पडतात, मान्य. पण त्यातल्या एखाद्या घरातला कॉम्प्युटर किडला की तो अख्खा पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातो, आणि मग ५८७ वरून रीतसर लॉगिन करूनही काही मेल सर्व्हर ५५० चा एरर देऊन आम्हाला बाहेर काढतात. लॉगिन केलेल्या माणसाला त्याच्या घरच्या पत्त्यावरून अडवणं ही त्या सर्व्हरवाल्यांची चूक, हे खरं. पण किडलेल्या मशीनच्या मालकाला फोन करणं, तुमच्या पत्त्याचं नाव यादीतून काढून घेणं, हे आमचं काम नाही. कोणत्या वेळी कोणता पत्ता कुणाकडे होता, याची नोंद तुमच्याकडेच असते.

आणि ते झेरॉक्स मशीन. लॅपटॉपवर आकडा बदलला की काम झालं. जुन्या मशीनला ५८७ लिहिता येतं, पण त्याला येणारं टीएलएस इतकं जुनं आहे की आजचे सर्व्हर ते घेत नाहीत. अशी मशीनं शाळांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या ऑफिसांत पडून आहेत. आगाऊ महिनाभर सांगितलं असतंत तर माणसाने काहीतरी सोय लावली असती. आता मुलगा स्कॅन पेनड्राइव्हवर घेतो आणि लॅपटॉपवरून पाठवतो. चालतंय, पण हंगामात एवढ्याशा कामाला एक माणूस बांधला गेला.

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. कळंबचा माणूस रुळावरून वर्ध्याला पोचतो, आणि आमचं तीन ओळींचं पत्र तुमच्या कृपेने ऑफिसच्या भिंतीबाहेर पडत नव्हतं. या गावाने तुमच्याकडून फार मागितलेलं नाही. शंभर एमबीपीएसच्या पाट्या तुम्हीच बसस्टँडवर लावल्या. आम्हाला वेग कमी चालेल, पण काय चालतं आणि काय चालत नाही ते खरं सांगणारा माणूस हवा.

माफी मागू नका, तिचा मेसेज आम्हाला नको. दोन कामं करा. हेल्पलाइनच्या कागदावर यूट्यूबच्या आधी हा प्रश्न लिहा: ‘मेल येते पण जात नाही, असं आहे का? मग जाणाऱ्या सर्व्हरचा पोर्ट नंबर वाचून दाखवा.’ आणि प्रत्येक ग्राहकाला हा मेसेज आजच पाठवा. मजकूर मी लिहून देतो, तुमच्या लोकांना तेवढाही त्रास नको:

‘सुरक्षेसाठी या लाइनवरून २५ नंबरच्या पोर्टने मेल पाठवणं बंद आहे. आउटलुक, थंडरबर्ड, स्कॅनर किंवा सीसीटीव्हीच्या मेल सेटिंगमध्ये ५८७ किंवा ४६५ लिहा, टीएलएस आणि लॉगिन चालू करा. तरीही मेल गेली नाही तर एररमधला आकडा कळवा. यासाठी स्टॅटिक आयपी घ्यायची गरज नाही.’

खाली तक्रारीचा नंबर द्या, आणि तक्रार घेताना जिल्हा विचारा.

आपला,
एक ग्राहक, कळंब