फळीवरचे दिवाणजी

मे महिना लागला की सिंदेवाहीपासून एटापल्लीपर्यंत गावोगाव तेंदूपत्ता खरेदीच्या फळ्या लागतात आणि प्रत्येक फळीवर एक दिवाणजी उगवतो. फळ्या वेगवेगळ्या, दिवाणजी मात्र सगळीकडे तोच. कानावर पेन, मांडीवर रजिस्टर, गालात खर्रा.

हिशेब तसा सरळ. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, भाव शेकड्यावर. सहावीच्या पुस्तकातलं गुणोत्तर ते हेच, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त शिकवलेलं त्रैराशिकही हेच. दिवाणजींना ते येत नाही असं मात्र कुणी समजू नये. त्यांना खर्रा घोटताना बघावं. तीन वाटे सुपारी, एक वाटा तंबाखू. स्वतःपुरता असो की ठेकेदाराची माणसं आल्यावर चौघांचा, सुपारी चौपट तर तंबाखूही चौपट. चिमूटभर इकडची तिकडे होत नाही. (चुना तेवढा अंदाजानं.)

घोडं अडतं ते फळीवर. पानं वाळतात, फाटतात, बोद (मोठी पोती) भरताना चुरा होतो, म्हणून शेकड्यामागे ५ पुडे 'तुटीचे' जास्तीचे घ्यायचे हा त्यांचा रिवाज. १०० ला ५, २०० ला १०, ५०० ला २५. चढताना त्यांचा गुणाकार कसा तोंडपाठ! पण एखादी म्हातारी ४० च पुडे घेऊन आली की तोच गुणाकार खाली उतरायला तयार नसतो. शंभरातले साठ गेले तरी पाच जागचे हलत नाहीत. १०० ला ५ म्हणजे ४० ला २, हे सहावीतल्या तिच्या नातवानं सांगून पाहिलं, तर उत्तर तयार.

"नेम म्हंजे नेम, माय. आपल्या इथं लहानमोठा भेद नाही."

समतेचा असा कैवारी सिंदेवाहीपासून एटापल्लीपर्यंत मिळायचा नाही.

म्हातारी अंगठेबहाद्दर. तिनं पुडे मोजून दहा-दहाच्या चार ओळी लावल्या, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "पाच पायजेत तं घ्या बापा. मंग पैसेबी शंभराचेच द्या."

मागच्या रांगेत हशा पिकला. दिवाणजींनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. रजिस्टरात २ मांडले, वर "आजच्यापुरतं हो" असं बजावलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

"किती?"

"साठ."

"पाच काढ," दिवाणजी म्हणाले.