आरोग्याची खरेदी: मध्यमवर्गीय घरासाठी कार्यपद्धती

आरोग्य सुधारण्याचा मुहूर्त १ जानेवारीला असतो, हा गैरसमज आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात तो लागतो प्रयोगशाळेचा रिपोर्ट मोबाइलवर येतो तेव्हा. सवलतीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे असतात, त्यांतले चार-पाच ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि त्यांत रक्तातल्या साखरेचा एचबीएवनसी हमखास असतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गृहस्थांचा निघतो ५.९. घर गंभीर होतं, चहा येतो, साखर नेहमीएवढीच असते (आजचा दिवस धक्क्याचा आहे, उद्यापासून बघू) आणि बैठक सुरू होते.

बैठकीत पहिला ठराव खरेदीचा मांडावा. ज्याची पावती फाटत नाही त्याने प्रकृती सुधारते, यावर घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. फरसाण आणलं नाही, जिन्याने चढलं, तेल जपून वापरलं, तर काही केल्यासारखं वाटतच नाही. म्हणून आधी बूट. चालण्याचे वेगळे आणि पळण्याचे वेगळे, हे दुकानदार फार आपुलकीने समजावतो. घरी येताना पिशवीत दोन्ही जोड असतात.

मग मनगटावर घड्याळ, रोजची १०,००० पावलं मोजायला. हा आकडा कुण्या ऋषीने, गेला बाजार कुण्या डॉक्टरने सांगितला असेल, अशी सर्वांची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि गिऱ्हाइकापुढे दहा हजारांचा गोल आकडा ठेवला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चाललं की १५० भरतात. तेवढ्याला भिंतीवरचं घड्याळ पुरतं. पण भिंतीवरचं घड्याळ रात्री पावणेबाराला ‘९,६४०’ असं दाखवत नाही, आणि मग गृहस्थ हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही या उपक्रमात सामील करून घ्यायचं असेल, तर मनगटी यंत्र घ्यावंच.

पुण्यात ज्यांना हे परवडत नाही ते पर्वती किंवा तळजाई चढतात. टेकडीला प्रवेश फी नाही. खर्च उतरल्यावर सुरू होतो. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण दीडशे कॅलरी जळतात, आणि पायथ्याशी मित्रमंडळाने सांगितलेली मिसळ, वर जादा तर्री, वर ‘एक्स्ट्रा पाव’, हे त्या दीडशेला पुसतही नाहीत. तरीही हा व्यायामच धरावा. निदान घरातून निघताना तरी तसं सांगितलेलं असतं.

जिमबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले की महिन्याचा दर कमी पडतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटीही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. वर्गणीला गेलेल्या दिवसांनी भागायचं नसतं, एवढं पथ्य सांभाळावं.

तेलाचा विषय मात्र घाईने उरकण्यासारखा नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबादमधल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम, असा त्यांचा हिशेब. चौघांचं घर धरलं तर महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. बहुतेक घरांत मात्र महिनाअखेरीस पाच लिटरचा कॅन कढईवर उपडा धरलेला असतो, खाली शेवटचे थेंब टिपायला चमचा असतो, आणि साजूक तूप तर हिशेबात धरलेलंच नसतं, कारण ते ‘चांगलं’ असतं.

अशा वेळी प्रमाणाला हात लावू नये. तेल बदलावं. रिफाइंड बंद करून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणावं, जे जवळपास दुप्पट भावाने मिळतं. भाव दुप्पट असल्यामुळे ते कितीही खाल्लं तरी चालतं, असा सोसायटीत निर्वाळा आहे. घाण्याच्या तेलाला वास चांगला येतो, चवही असते, त्याबद्दल वाद नाही. कॅलरी मात्र ग्रॅमला ९ असतात, बैलाने काढलं काय आणि यंत्राने काढलं काय.

त्यापुढची पायरी तेल फवारायच्या बाटलीची. रविवारी सकाळी पोह्यांच्या कढईत सूनबाई बाटलीतून दोन फवारे मारतात. मोहरी तळाशी कोरडीच पडून राहते, हळद तळाला धरते, कढीपत्ता वाळतो, धूर होतो. सासूबाई खुर्चीवरूनच सांगतात, “अगं, मोहरी तेलात नीट भिजली तर तडतडेल ना!” आणखी सहा फवारे. मग झाकण काढून बाटली सरळ उपडी केली जाते. पोहे उत्तम होतात. बाटली पुढच्या रविवारपासून बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायच्या कामी येते.

आणि तळणीचं उरलेलं तेल? ते गाळून जाळीच्या स्टीलच्या डब्यात जातं, त्यात पुऱ्या होतात, मग कुरडया, मग ते फोडणीला ‘संपवतात’. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक हॉटेलं आणि फरसाणवाल्यांना २०१८ पासून आहे. घरातल्या डब्याची तपासणी कोण करणार? तिथे टाकून देणं हे पाप आणि संपवणं ही काटकसर. या एका डब्यामुळे महिन्याला वाचतात ते पैसे दोन वडापावांचे.

एक बिनपैशाचा मार्गही आहे: १ तारखेला साडेतीन लिटर तेल मोजून बरण्यांत भरायचं, दर आठवड्याची रेघ मार्करने मारायची, आणि बरणी रिकामी झाली की ३० तारखेपर्यंत भाजलेले पापड खायचे. बिल घटतं, तेलही घटतं. त्यात विकत घेण्यासारखं काही नसल्याने बैठकीत तो कुणी मांडत नाही.

धान्याचंही तसंच. रिपोर्ट आल्यानंतरच्या पहिल्या वाणसामानाच्या यादीत किन्वा असतोच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं हे पीक मूळचं गरिबांचं, पण विमानतळावरून येताना त्याची प्रतिष्ठा वाढते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच, चेनोपोडियम. राजगिराही याच मोठ्या घराण्यातला, आणि तोही अमेरिकेतूनच आपल्या उपवासाच्या फराळात आलेला. चाकवताची जुडी मंडईत भाव न करता मिळते, ताक घालून पातळ भाजी होते. तिचं नाव घेतलं की मात्र घरातली मुलं तोंडं वाकडी करतात. तेव्हा तिला ‘इंडियन किन्वा लीव्ह्ज’ म्हणून वाढून पाहायला हरकत नाही.

नाचणीची कथा याहून गमतीची. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आणि कोकणात पिढ्यान् पिढ्या जी भाकरी गरिबीची खूण होती तिला मॉलमध्ये कपाट मिळालं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आंबील केली, भाकरी केली, तर ते पोटात जातं. पण भाकरी थापायला येणारे हात घरात कमी झाले, म्हणून नाचणीची बिस्किटं. पुड्याच्या मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, असा नियम आहे. ती वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावल्यावर कित्येक पुड्यांवर नाचणीच्या आधी मैदा, साखर आणि पाम तेल अशी पाहुणे मंडळी बसलेली दिसतात. चष्मा न लावता खाल्ल्यास बिस्किट पौष्टिक लागतं.

साखरेची सोय गुळाने होते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर, असं पोषण संस्थेची तीच आहारसूत्रं सांगतात. चहाचा चमचा चार-पाच ग्रॅमचा, दोन चमच्यांचे तीन कप झाले की हद्द संपली. त्यावर तोडगा म्हणून सेंद्रिय गूळ आणावा. त्यातही बहुतांश सुक्रोजच असतं, पण रंग तपकिरी असल्याने एचबीएवनसीला ते कळत नाही, अशी घराची समजूत आहे.

आता जेवणाच्या वेळा. इथे महाराष्ट्र दोन पंथांत विभागलेला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पंथ डॉ. श्रीकांत जिचकारांचा वारसा सांगतो: दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही नको. ऋजुता दिवेकरांचा पंथ म्हणतो: आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका, आणि थोडं थोडं दर दोनेक तासांनी खा. अंदाजपत्रकाच्या दृष्टीने पूर्ण कुटुंबाने एकाच पंथात दीक्षा घेणं उत्तम. गृहस्थ एकीकडे आणि गृहिणी दुसरीकडे गेल्या, तर गॅस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालू राहतो आणि घरातले आजोबा दोन्ही पंथांचे सभासद होतात. दोन जेवणांच्या मध्ये त्यांना दिवेकर आठवतात, जेवताना दीक्षित.

औषधांच्या बाबतीत मात्र ही कार्यपद्धती थट्टा बाजूला ठेवते, कारण घरातली सर्वांत प्रतिष्ठित काटकसर तिथेच होते. रक्तदाबाची गोळी रोजची असते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती एक दिवसाआड घेतली जाते. गोळ्यांची पट्टी दुप्पट पुरते. रक्तदाब चढला तरी बरंच वाटत असतं, हीच त्या आजाराची अडचण. किन्वाला आणि घड्याळाला पैसे आहेत पण गोळीला नाहीत, ही वाटणी कुठल्याच हिशेबात बसत नाही. पैसे खरोखरच वाचवायचे असतील तर जनऔषधी केंद्रात जावं. जेनेरिक गोळ्या ब्रँडच्या तुलनेत ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त पडतात, फक्त डॉक्टरांना विचारून बदलाव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि तिशी ओलांडलेल्यांची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट पाहतात. सवलतीच्या पॅकेजला मिळते तशी रंगीत फाइल तिथे मिळत नाही, हे खरं.

शेवटी वही. २०२२-२३च्या केंद्रीय कुटुंब उपभोग खर्च पाहणीत शहरी घराच्या एकूण खर्चातला १०.६४ टक्के वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा निघाला. डाळींवर दोन टक्केही जात नाहीत. अशी वाटणी आपल्या वहीत दिसू नये म्हणून खाती विचारपूर्वक पाडावीत. किन्वा, घड्याळ आणि बुटांचे दोन्ही जोड ‘गुंतवणूक’मध्ये जातील. टेकडीच्या पायथ्याची मिसळ ‘व्यायाम’ या सदरात. दुधाबरोबर आलेलं फरसाण ‘दूध’. आणि रात्री साडेदहाला ॲपवरून मागवलेले बटाटेवडे ‘पाहुणे’ या खात्यात टाकावेत. कोण आले होते, असं आजोबांनी विचारलं, तर एक वडा त्यांच्या बशीत ठेवावा.