क्लियर टायटल

बँकेतून निवृत्त झालेला माणूस पहिले सहा महिने घरातली कपाटं आवरतो. मग कोणी भजनी मंडळात जातो, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पार्किंगच्या पट्ट्या आखायला लागतो. आमचे नाना घड्याळात गेले.

'आमचे' ते शेजारी म्हणून. एरवी कोथरूडपासून ठाण्यापर्यंत प्रत्येक सोसायटीत असा एक तरी गृहस्थ निघतो. मुलगा अमेरिकेत, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, साखर काबूत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी भारी घ्यावं अशी उबळ आलेली. गाडी नको, ती लावायची कुठे? सोनं नको, ते आणल्या दिवशीच बायकोच्या खात्यात जमा होतं. राहता राहिलं घड्याळ. स्विस, ऑटोमॅटिक, 'पुढच्या पिढीला देता येईल असं'. ती पुढची पिढी पावलं मोजणारा रबरी पट्टा मनगटाला बांधून न्यू जर्सीत हिंडते आहे, पण तो विषय नानांसमोर काढायचा नाही.

या भुकेचं मूळ जुनं आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीची घड्याळं निघायला लागली आणि पुढची दोन-तीन दशकं मध्यमवर्गाची लायकी त्यांच्यावरच ठरत होती. नोकरी लागली की 'जनता', जरा बरी लागली की 'सोना', आणि नवरदेवाला हवं असायचं ते 'कांचन', जे दुकानात कधीच नसायचं. नानांच्या लग्नात सासऱ्यांनी 'कांचन' कबूल केलं होतं. ऐन वेळी हातात पडलं 'जनता'. घड्याळ बिचारं चांगलंच, १७ ज्वेलचं, रोज सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत इमानाने चालणारं. पण नानांच्या मनात ते बुडीत कर्जाच्या खात्यावरच राहिलं. वहिनी म्हणतात, "माझ्या वडिलांवरचा राग आता स्वित्झर्लंडवर काढतायत."

नानांची सगळी नोकरी कर्जविभागात गेली. कोणी तारण म्हणून जमीन आणली की तिचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा, फेरफार, वारसांच्या सह्या, असं सगळं पाहिल्याशिवाय या माणसाने कधी पेन उघडलं नाही. तोच माणूस आता घड्याळ घेणार होता. त्यासाठी एक फुलस्केप वही निघाली. तीत रकाने पडले. व्यास, जाडी, पट्ट्याची रुंदी, ठोके. ऑटोमॅटिक घड्याळ सहसा तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, म्हणून त्याचा सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातो, ही माहिती त्यांनी मला जिन्यात दिली. स्विस क्रोनोमीटरचं सर्टिफिकेट हवं तर यंत्र दिवसाला चार सेकंद मागे आणि सहा सेकंद पुढे, या हद्दीत राहावं लागतं, आणि रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना दोनच सेकंदांची मुभा देते, हे लिफ्टमध्ये कळलं. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी 'स्विस मेड' म्हणवून घ्यायला उत्पादनखर्चातला निदान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला लागतो, हेही कळलं. तरी लाइट लवकर आले.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट 'रिव्हर्सो'ची. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पोलो खेळायचे आणि चेंडूच्या नाहीतर काठीच्या फटक्याने घड्याळांच्या काचा फुटायच्या. मग तबकडी उलटी फिरवून पोलादी पाठ वर आणता येईल असं घड्याळ १९३१ साली काढलं गेलं. ही कथा नाना अशा काही तळमळीने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांची स्वतःचीही एक काच त्यात गेली असणार. नानांचा घोड्याशी आलेला संबंध म्हणजे माथेरान. तिथेही ते निम्म्या वाटेत उतरून चालत गेले होते.

मग आला मापाचा प्रश्न. मनगट सव्वासहा इंच. त्यावर ३६ मिलीमीटर शोभेल, ३९ की ४१? नानांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या, कर्कटकाने माप घेऊन. रोज एक चकती सेलोटेपने मनगटाला चिकटवायची आणि दिवसभर वागवायची. ३९ ची चकती लावून ते मंडईत गेले तेव्हा भाजीवालीने काळजीने विचारलं, "बाबा, सलाईन लावलं होतं का?" ४१ ची चकती शर्टाच्या बाहीत अडकली, सबब नापास. ३६ पास झाली. चकतीच्या मागे एका जुन्या लग्नाचा मुहूर्त छापलेला होता. त्यामुळे ते तूर्तास रोज दोनदा बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ झालं, असं मी म्हणालो. नाना हसले नाहीत. या विषयात ते हसत नाहीत.

माप ठरलं तर मुहूर्त ठरेना. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड धरून चार देशांशी भारताचा व्यापार करार झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार असं ठरलं. नाना म्हणाले, "थांबू या. उगाच सरकारला वीस टक्के कशाला?" त्या सात वर्षांत घड्याळाची किंमत आणि आपली शुगर यांतलं आधी काय वाढेल याचा हिशेब वहिनींनी मांडला, तेव्हा थांबण्याचा बेत रद्द झाला. मध्येच २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एक टक्का टीसीएस लागू झाला. नानांचं बजेट पाचाच्या आत. तरी परिपत्रक त्यांना तोंडपाठ. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ते 'आयत्या वेळच्या विषयांत' सांगितलं. सभेत दहा लाखांचं घड्याळ घेणारं कोणी नव्हतं. टाकीच्या गळतीचा विषय मात्र राहिला.

नव्या घड्याळासाठी ते एका शोरूममध्ये गेले तेव्हा मी सोबत होतो. हातमोजे घातलेल्या मुलाने काचेच्या पेटीकडे बोट दाखवून नम्रपणे सांगितलं, "सर, हे फक्त पाहण्यासाठी आहेत." घड्याळ हवं तर नाव नोंदवायचं. नाव नोंदवलं की वाट पाहायची. किती? ते सांगता येत नाही. आधी काही खरेदी केलेली असली तर बरं पडतं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं काउंटरच्या आतून "उद्या या, साहेब रजेवर आहेत" म्हटलं, त्याला काउंटरच्या बाहेरून तेच ऐकताना मी पाहिलं. नानांनी विरोधही केला नाही. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला द्यावी तशी मानेने दाद दिली आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "सेकंडहँड."

आणि इथे नाना खऱ्या अर्थाने फुलले. नव्या घड्याळात तपासायचं काय? जुन्यात सर्च रिपोर्ट! मुंबईतल्या चोरबाजारापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. घेण्यासाठी नव्हे, नजर तयार करण्यासाठी. तिथे जुन्या एचएमटीच्या तबकड्या लाल, पिवळ्या, जांभळ्या रंगवून मांडलेल्या दिसतात. परदेशातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नानांनी एका फेरीत एक जांभळं 'जनता' उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि विधवेचं सांत्वन करावं अशा आवाजात म्हणाले, "काय केलंय हो याचं."

शेवटी एक स्थळ नक्की झालं. १९९१ सालचं रोलेक्स डेटजस्ट, ३६ मिलीमीटर, बॉक्स आणि पेपर्ससकट. विकणारा तरुण मुंबईहून आला. भेटीची जागा नानांनी ठरवली होती: त्यांचीच जुनी शाखा, ग्राहकांसाठीचा सोफा, वर सीसीटीव्ही.

"पहिला मालक?"

"दुबईला होते. आता कॅनडात."

"आणि मधे?"

"मधे एक डॉक्टर होते."

"डॉक्टरांनी घेतल्याची पावती?"

"काका, घड्याळ आहे हे. शेतजमीन नाही."

"किंमत तिचीच सांगताय," नाना म्हणाले आणि भिंग काढलं.

पाच मिनिटं शांतता. पोरगा कंटाळला. आपला हुकमी एक्का काढावा म्हणून त्याने घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकलं आणि अंगठ्यांच्या फटीतून बघायला सांगितलं. आधी मी पाहिलं. आत काटे आणि खुणा हिरव्यागार चमकत होत्या. "चौतीस वर्षं झाली, पण चमक बघा!" तो म्हणाला. मग नानांनी डोळा लावला. शाखेचा वॉचमन दोन पावलं पुढे आला.

नाना मागे टेकून बसले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "त्या काळी यांच्या तबकडीवर ट्रिटियम असायचं. दर बारा वर्षांत निम्मं होतं ते. इतक्या वर्षांनी यात उजेड राहील कुठून? आणि सहाच्या खाली ट्रिटियमचा टी असतो, इथे नुसतं 'स्विस मेड'. तबकडी नंतरची आहे."

"कंपनीनेच बदलली सर्व्हिसिंगला! ओरिजिनलच आहे की. तुम्ही घराला रंग देत नाही का?"

"देतो. पण विकताना 'मूळ रंग' म्हणून विकत नाही."

व्यवहार फिसकटला. जाताना पोराने मात्र नानांचा नंबर मागून घेतला, "पुढे कधी माल तपासायला लागला तर" म्हणून. नाना आठवडाभर तरंगत होते.

चार महिन्यांनी मनासारखं सापडलं. तेच मॉडेल, पण यात काहीही चमकत नव्हतं. खुणांवरचा रंग पिवळट पडलेला, ब्रेसलेट जरा सैल, कडेला एक ओरखडा. ओरखडा पाहून नानांचे डोळे भरून आले. "पॉलिशला गेलेलं नाही!" मूळ पावती होती, सर्व्हिसिंगची दोन बिलं होती, आणि मूळ मालक स्वतः हयात असून नाना त्यांच्याशी फोनवर पंचवीस मिनिटं बोलले. रक्कम दोन लाखांवर, म्हणून पॅन दिलं गेलं, पैसे चेकने, चेकची झेरॉक्स फाइलला. वहिनींनी घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "एवढे पैसे मोजून ओरखडा पडलेलं आणि अंधारात न दिसणारं आणलंत?"

"टायटल क्लियर आहे," नाना म्हणाले.

घड्याळ दिवसाला दीड सेकंद पुढे जातं. त्याची नोंद वहीत आहे. त्याच घरात हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ वहिनींनी दहा मिनिटं पुढे लावून ठेवलंय, स्वयंपाकघरातलं पंधरा, आणि घरातला सगळा कारभार त्या दोहोंवर चालतो. दीड सेकंदाची जाणीव असलेला हा माणूस "अहो, दहाला पाच कमी झाले!" अशी हाक आली की मुकाट आंघोळीला उठतो.

वापरण्याचं म्हणाल तर घड्याळ लॉकरमध्ये असतं. दोन दिवस हाताची हालचाल नसली की ऑटोमॅटिक बंद पडतं, म्हणून नाना एक दिवसाआड लॉकरला जाऊन ते अर्धा तास मनगटावर घालून बसायचे. लॉकर सांभाळणाऱ्या मुलीने "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारल्यावर हे थांबलं.

भाचीच्या लग्नाला मात्र ते निघालं. वहिनींनी कार्यालयाच्या दारात दम भरला, "कोणी विचारलं तर किंमत सांगायची नाही. उद्या दहा जण उसने मागायला येतील." पंगतीत शेजारी भाचा बसला. त्याच्या हातात हिरव्या तबकडीचं, दगडासारखं जड, सोनेरी सबमरिनर.

"मामा, नवीन? कितीला पडलं?"

आठ पानांवरचे हात थांबले. वहिनी समोरच होत्या.

"साडेसातशे," नाना म्हणाले. "जुन्या बाजारातलं आहे. कॉपी."

"माझं दुबईचं. ओरिजिनल," भाचा मोठ्याने म्हणाला आणि ते काढून पंगतीत फिरवायला दिलं. मंडळींनी वजन करून पाहिलं. एका काकांनी दोन्ही घड्याळं शेजारी धरून निवाडा दिला, "फरक कळतो हो. शेवटी खरं ते खरं."

नानांचं पान तसंच. मी पाहत होतो, त्यांची नजर भाच्याच्या घड्याळावरून हलत नव्हती. तारखेवरच्या भिंगाने आकडा अडीच पट मोठा दिसायला हवा, तो जेमतेम दीडपट होता. सेकंदकाटा तर सेकंदाला एक उडी मारत होता, टक, टक, टक. नानांचे ओठ दोनदा हलले. दोन्ही वेळा वहिनींनी मठ्ठा वाढायला सांगितला.

हात धुताना भाचा जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, साडेसातशे म्हणजे लुटलं हो तुम्हाला. डायल बघा ना, पिवळं पडलंय. पुढच्या वेळी मला सांगा. माझा एक माणूस आहे, सहाशेत अंधारात चमकणारं काढून देतो."